जनावराचे ऑपरेशन आणि त्यानंतरची सेवा
(प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



पोळा तोंडावर आला आहे. पंधरा दिवसांनी आपण बैलांना नाल्यावर नेऊन धुऊ, शिंगांना रंग लावू, पाठीवर झूल घालू. आदल्या दिवशी हळद-तुपाने खांदा शेकू. बैलाच्या पाया पडू. हे सगळे चांगलेच आहे. वर्षभर ज्याच्या खांद्यावर आपण जू ठेवतो, त्याचा एक दिवस मान व्हायलाच पाहिजे.

पण आज आम्ही त्या एका दिवसाबद्दल बोलणार नाही. बैल आजारी पडला, गाय आजारी पडली, दवाखान्यात नेऊन तिचे ऑपरेशन झाले, आणि जनावर घरी परत आले, त्यानंतरच्या पंधरा दिवसांबद्दल बोलणार आहोत. ते पंधरा दिवस फार महत्त्वाचे असतात. त्या दिवसांत जनावर वाचते, नाहीतर हातचे जाते.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुम्ही कधीपासून ढोरांचे डॉक्टर झालात? नाही हो. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. सारा जन्म खडू धरून काढला आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. औषधातले आम्हांला कळत नाही. पण आमच्या हातून एकदा एक चूक झाली. त्या चुकीपायी एका कास्तकाराचा बैल गेला. तेव्हापासून आम्ही दवाखान्यात जाऊन बसू लागलो, विचारू लागलो, डोळ्यांनी पाहू लागलो. जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी ती चूक सांगतो.

आम्ही तेव्हा आर्णीकडच्या एका गावी शाळेवर होतो. जून महिना संपत आला होता. आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तुम्हांला ठाऊकच आहे. शाळा उघडून दोनच दिवस झाले होते. दाखले, पुस्तके, पालक, नुसती धांदल. पेरण्या आटोपल्या होत्या. अशा वेळी एक कास्तकार शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात दवाखान्याची चिठ्ठी.

“गुरुजी, येवढी वाचून द्या जी. बैलाचं शिंग काढलं. कंपाउंडरनं लिहून देल्लं.”

त्याच्या उजव्या अंगाच्या बैलाला शिंगाचा कर्करोग झाला होता. जिराईत शेतीच्या मुलखात हा रोग बैलांत बराच आढळतो. गाईंनाही होतो, पण बैलांना जास्त. त्याची खूण अशी : बैल सारखे डोके झटकतो. शिंग खुंट्याला, झाडाला घासतो. मान एका अंगाला कलती धरतो. पुढे त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त मिसळलेले पाणी गळते. शिंगाचे मूळ हाताला गरम आणि मऊ लागते. शेवटी शिंग सैल होऊन लोंबते. हा रोग एका बैलापासून शेजारच्या बैलाला लागत नाही. त्यावर उपाय एकच, वेळेवर शिंग मुळापासून काढून टाकणे. त्या कास्तकाराने शहाणपणा करून बैल वेळेवर नेला होता. डॉक्टरसाहेबांनी ऑपरेशन चांगले केले होते.

आम्ही दारातच उभ्या-उभ्या चिठ्ठी वाचून दाखवली. चार गोष्टी लिहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आणणे. जखम पावसात भिजू देऊ नये. एक महिना जू ठेवू नये. माशा बसू लागल्या, वास आला, किंवा बैलाने खाणे सोडले, तर त्याच दिवशी आणणे.

वाचायला अर्धा मिनिटही लागला नाही. “समजलं का?” आम्ही विचारले. “हो जी गुरुजी,” तो म्हणाला. चिठ्ठी घडी करून त्याने बंडीच्या खिशात ठेवली. आम्ही आत वळलो.

तिसऱ्या दिवशी मोठा पाऊस झाला. नाल्याला पूर आला. दवाखान्याला जाणे राहिले. चौथ्या दिवशीही राहिले. जखम भिजू द्यायची नाही, एवढे मात्र त्याच्या पक्के ध्यानात होते. म्हणून त्याने पट्टीवरून खताच्या पोत्याचे प्लॅस्टिक घट्ट बांधले. पाणी आत गेले नाही, हे खरे. पण आतला ओलावाही बाहेर निघाला नाही. जखम आत कुजली. वास येऊ लागला तेव्हा घरच्यांनी वरून राख लावली. आठव्या दिवशी बैल दवाखान्यात नेला, तेव्हा पट्टीखाली अळ्या होत्या.

शिंग आतून पोकळ असते. ती पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीला जोडलेली असते. मुळापासून शिंग काढले म्हणजे घराच्या कौलाला भोक पडल्यासारखे होते. त्या वाटेने माशी, माती, पाणी थेट डोक्याच्या हाडात उतरते. त्या बैलाचे तसेच झाले. दवाखान्यातल्या माणसाने चिमट्याने एकेक अळी काढली. दोन तास काढत होता. रोज धुणे, रोज औषध, सगळे केले. पण विष अंगात भिनले होते. सतराव्या दिवशी बैल गेला.

आम्ही त्याच्या घरी गेलो. ओसरीवर बसलो. काय बोलावे सुचेना. तो शांतपणे म्हणाला, “तुमी वाचलं होतं जी, गुरुजी. काही ध्यानात राह्यलं, काही नाही राह्यलं. चिठ्ठी तं माह्या खिशातच होती.”

मंडळी, चिठ्ठी खिशात होती. आठ दिवस खिशात होती. पण ती त्याच्याशी बोलली नाही. आम्ही ती एकदा वाचून दाखवली आणि आपले काम झाले असे समजलो. त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलवावे, त्याच्या मुलाला रोज वाचायला सांगावे, एवढेही आम्हांला सुचले नाही. त्याचा मुलगा आमच्याच शाळेत चौथीत होता! त्या वर्षी ऐन डवरणीत त्याला भाड्याच्या बैलासाठी दारोदार फिरावे लागले. एका बैलावर डवरा चालत नाही. पऱ्हाटीत गवत माजले. पुढचे तुम्ही जाणता.

आता दुसरी गोष्ट. दवाखान्यात दोन तास बसून अळ्या काढणारा तो माणूस कोण होता? गावात त्याला कोणी कंपाउंडर म्हणतात, कोणी पट्टीवाला म्हणतात. सरकारी दप्तरात त्याचे नाव आहे ‘व्रणोपचारक’. व्रण म्हणजे जखम. जखमेवर उपचार करणारा तो व्रणोपचारक. शब्द अवघड आहे. फळ्यावर लिहिला आहे, पाहून घ्या. सावकाश वाचा : व्र-णो-प-चा-र-क.

माणसांच्या दवाखान्यात जशी नर्सबाई असते, तसे हे काम. विलायतेत जनावरांच्या दवाखान्यातही शिकलेल्या परिचारिका असतात. १९६१ साली तिकडे त्यांची रीतसर नोंदणी सुरू झाली. गंमत अशी, की त्यांना ‘परिचारिका’ म्हणवून घ्यायची परवानगी नव्हती. तो शब्द माणसांच्या दवाखान्यापुरता राखलेला होता. म्हणून त्यांना नुसते ‘सहायक’ म्हणत. ‘पशुवैद्यकीय परिचारिका’ हे नाव त्यांना १९८४ साली मिळाले. काम तेच, पण नाव मिळायला तेवीस वर्षे लागली.

त्याच १९८४ साली आपल्या देशात भारतीय पशुवैद्यक परिषदेचा कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे ऑपरेशन करणे हे नोंदणी झालेल्या डॉक्टरचेच काम आहे. पदविका घेतलेल्या पशुधन पर्यवेक्षकाला राज्य सरकारच्या आदेशाने काही किरकोळ सेवा करता येतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. डॉक्टर तयार करणारी कॉलेजे आपल्याकडे जुनी आहेत. मुंबईचे १८८६ सालचे, आपल्या नागपूरचे १९५८ सालचे. पण शुश्रूषेचे खास शिक्षण घेतलेली परिचारिका खेड्यातल्या दवाखान्यात नसते. तिचे काम चौघे मिळून करतात. थोडे पर्यवेक्षक करतो, थोडे व्रणोपचारक करतो, थोडे परिचर करतो. उरलेले सगळे कोण करते? तुम्ही करता. जनावर ऑपरेशनच्या मेजावर तासभर असते. गोठ्यात ते चोवीस तास असते.

म्हणून हे काम काय असते, ते नीट समजून घ्या. आम्ही जसे पाहिले तसे सांगतो.

काम ऑपरेशनच्या आधीच सुरू होते. डॉक्टर सांगतात, उद्या उपाशी आणा. आपल्याला वाटते, आजारी जनावराला उपाशी काय ठेवायचे? मायेपोटी कोणी पहाटे गुपचूप ढेप चारतो. ही माया घातक आहे. गाई-बैलाच्या पहिल्या मोठ्या पोटाला कोटीपोट म्हणतात. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात शंभर लिटरच्या आसपास चारा-पाणी मावते. त्यात सारखा वायू तयार होतो. उभे असताना तो ढेकरेवाटे निघून जातो. जनावर आडवे पाडले की तो अडकतो, पोट फुगते, छाती दाबली जाते. शिवाय पोटातला पातळ चारा घशात येऊन फुप्फुसात उतरू शकतो. म्हणून मोठ्या जनावराला साधारण चोवीस तास चारा आणि बारा तास पाणी बंद ठेवतात. लहान वासराला, शेळीच्या पिलाला इतके उपाशी ठेवत नाहीत. तातडीचे ऑपरेशन असेल तर थांबताही येत नाही. तेव्हा किती तास, हे डॉक्टरला विचारा आणि तेवढेच पाळा. चुकून चारले असेल तर लाजू नका, सांगून टाका. लपवू नका.

मग जनावर खोड्यात घेतात. गाई-बैलांची पुष्कळशी ऑपरेशने उभ्यानेच होतात. जागा बधिर करून करतात. शिंगाचेच पाहा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून शिंगाच्या मुळापर्यंत हाडाची एक कड हाताला लागते. तिच्याखालून शिंगाची नस जाते. तिथे डॉक्टर सुई देतात आणि शिंग बधिर होते. या वेळी व्रणोपचारक काय करतो? केस कापतो, जागा धुतो, औषधाने पुसतो. हत्यारे उकळून, वाफवून तयार ठेवतो. डॉक्टर मागतील ते हातात देतो. डॉक्टरचे डोळे जखमेवर असतात, याचे डोळे जनावरावर असतात. श्वास कसा चालला आहे, पोट फुगते आहे का, जनावर खाली बसू पाहते आहे का. आणि टाके घालण्याआधी तो रक्त टिपायचे बोळे मोजतो. आत गेले किती, बाहेर आले किती. एक बोळा आत राहिला तर सगळे ऑपरेशन वाया. मंडळी, पाहा, तिथेही मोजणी आलीच!

शिंगाची पट्टी बांधण्यातही कसब आहे. कापलेल्या जागी पट्टी टिकायची कशी? ती दुसऱ्या शिंगाला वेढा देऊन परत आणतात, पुन्हा नेतात, पुन्हा आणतात. इंग्रजी आठाचा आकडा असतो ना, मध्ये फुली आणि दोन्हीकडे कडी, तशी. आपला मराठी आठ नव्हे, बरं का.

आता जनावर घरी आले. इथून आपली पाळी.

पहिली गोष्ट जागेची. जागा कोरडी पाहिजे. शेण-मूत साचलेले नको. खाली तुरीचे नाहीतर सोयाबीनचे कोरडे कुटार अंथरा. ओले झाले की रोज बदला. त्याला इतर ढोरांपासून वेगळे बांधा. दुसरे ढोर शिंग मारेल, जखम चाटेल. दावे फार लांब ठेवू नका, नाहीतर ते जखम खुंट्याला घासते.

दुसरी गोष्ट बसण्याची. गुंगीचे औषध दिले असेल तर जनावर काही वेळ बसून राहते. त्याला एका कुशीवर आडवे पडू देऊ नका. छातीवर, पाय पोटाशी घेऊन, नेहमी रवंथाला बसते तसे बसवा. दोन्ही अंगांना कुटाराची पोती टेकवा. फार वेळ उठले नाही तर दर दोन-तीन तासांनी कूस बदला. त्याचे अंग चार-पाच क्विंटलचे. एकाच पायावर तो भार राहिला तर पाय निकामी होतो. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात चारा घालू नका, नळीने पाणी ओतू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जाते.

तिसरी गोष्ट पाहण्याची. शुश्रूषा म्हणजे नुसते औषध देणे नव्हे, पाहणे. काय पाहायचे? पाच गोष्टी सांगतो. बोटांवर मोजा.

अंगठा : ताप. गाई-बैलाचा ताप साधारण १०१ ते १०२ अंश असतो. तापमापी औषधाच्या दुकानात मिळते. टोकाला तेल लावून गुदद्वारात घालायचे आणि हाताने धरून ठेवायचे. बाजूला उभे राहायचे, मागे नव्हे. लाथ बसेल. १०३ च्या वर गेला की दवाखाना.

दुसरे बोट : रवंथ. जनावर रवंथ करू लागले की समजावे, पोटाची चक्की चालू झाली. डाव्या भकाळीवर मूठ दाबून ठेवा. कोटीपोट हलले की मूठ वर उचलली जाते. चांगल्या जनावरात दोन मिनिटांत दोन-तीन वेळा उचलली जाते.

तिसरे बोट : शेण आणि मूत. केव्हा झाले, किती झाले, पातळ की घट्ट.

चौथे बोट : नाकपुडी आणि डोळे. निरोगी जनावराची नाकपुडी ओलसर असते. डोळा तरतरीत असतो.

करंगळी : जखम. थोडी सूज पहिले दोन-तीन दिवस असतेच. पण सूज वाढत चालली, गरम लागली, वास आला, पू दिसला, टाका तुटला, माशा घोंगावू लागल्या, तर थांबू नका.

करंगळी सर्वांत लहान, पण तिच्याकडे दुर्लक्ष करून आम्ही एक बैल गमावला आहे.

आता काय करू नये ते सांगतो. जखमेला शेण लावू नये, राख लावू नये, हळदीच्या नावाने घरातली वाटेल ती पूड भरू नये, रॉकेल-डिझेल ओतू नये. आपल्या आज्यांनी लावले म्हणाल, तर त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते. आपल्याजवळ आहे. पट्टीवर प्लॅस्टिक बांधू नये. पट्टीला वारा पाहिजे. पावसापासून जनावराला छपराखाली ठेवून वाचवायचे, जखम कोंडून नव्हे. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या जनावराला देऊ नयेत. डायक्लोफेनॅक नावाचे एक औषध पूर्वी ढोरांना सर्रास देत. ते दिलेले ढोर मेले आणि गिधाडांनी खाल्ले, की गिधाडेही मरत. देशातली गिधाडे त्यानेच संपत आली. म्हणून २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. दुखणे थांबवायला दुसरी औषधे आहेत, ती डॉक्टर देतील. जनावरालाही दुखते, मंडळी. ते बोलत नाही, एवढेच.

आणखी एक. दुभत्या गाईला सुया चालू असताना तिच्या दुधात औषध उतरते. डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध घरात घेऊ नका, विकू नका, डेअरीत घालू नका. नुकसान होते, खरे आहे. पण दुसऱ्याच्या लेकराच्या पेल्यात औषध घालण्याचा आपल्याला हक्क नाही.

आता शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

तो बैल गेला त्या वर्षीच आम्ही हा रात्रीचा वर्ग धरला. त्या कास्तकारालाही बोलावले. तो म्हणाला, “आता माहे डोळे काय शिकतीन जी? सुनेले पाठवतो.” सून आली. पहिले काही दिवस पदर दातात धरून मागे बसे. मग पुढे बसू लागली. वर्षभरात वाचू लागली.

काही वर्षांनी त्यांची गाय खाईनाशी झाली. डावी भकाळी कधी फुगे, कधी उतरे. शेण कमी झाले. अंग खंगले. दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, पोटात प्लॅस्टिक आहे. आपल्या राज्यात २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. पण उकिरड्यावर जाऊन पाहा. शिळी पोळी, भाजीची साले आपण पिशवीत बांधून फेकतो. गाईला वास येतो पोळीचा, पोटात जाते पिशवी. ती पचत नाही, पुढे सरकत नाही, कोटीपोटात गोळा होऊन बसते.

डाव्या भकाळीत चीर देऊन, गाय उभी असतानाच, डॉक्टरांनी कोटीपोट उघडले. दोन घमेली भरून पिशव्या निघाल्या. त्यात नायलॉनची दोरी, एक खिळा. कोटीपोट शिवले, मांस शिवले, कातडी शिवली. मग व्रणोपचारक त्या सुनेला म्हणाला, “ताई, डॉक्टरसाहेबांचं काम झालं. आता चौदा दिवस तुमचं.” त्याने ताप कसा पाहायचा ते तिच्या हाताने करून घेतले. एकदा नव्हे, तीनदा. आणि चिठ्ठी दिली.

ती चिठ्ठी तिने गोठ्याच्या खांबाला खिळ्याने टांगली. तिने वही केली. ती वही आम्ही पाहिली आहे. त्यात असे लिहिले होते : “सोमवार. ताप १०१. शेण थोडे. रंवथ नाही.” “मंगळवार. ताप १०२. हिरवा चारा एक मूठ खाल्ला. रंवथ एक वेळ.” “बुधवार. रंवथ तीन वेळ. शेण झाले.” अनुस्वार चुकीच्या अक्षरावर पडला होता. आम्ही तो दुरुस्त केला नाही. आम्हांला ते अक्षर फार सुंदर दिसले.

आणि पुढे लिहिले होते : “शुक्रवार. सकाळी ताप १०४. खालचा टाका गरम. चाटून पाहते.” चाटून पाहते म्हणजे गाय तिथे वळून चाटते. त्या दिवशी वावरात निंदण होते. बाया ठरल्या होत्या. सासरे म्हणाले, “उद्या जाऊ. आज निंदण सोडता येत नाही.” तिने वही पुढे केली.

“मामंजी, चिठ्ठीत लिवलं हाये, त्याच दिवशी. उद्या नाही लिवलं.”

म्हातारा खांबावरच्या चिठ्ठीकडे पाहत राहिला. मग काही न बोलता त्याने गाडी सांगायला माणूस धाडला. आम्हांला हे त्यानेच सांगितले.

दवाखान्यात खालचा एक टाका सोडून पू काढून टाकला. जागा धुतली. औषध बदलले. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर पू पोटात उतरला असता, असे डॉक्टर म्हणाले. टाके जे चौदाव्या दिवशी निघायचे, ते अठराव्या दिवशी निघाले. गाय वाचली. पुढे व्याली. कालवड झाली. तुमच्यापैकी काहींनी तिच्या खरवसाचा वाटा खाल्ला आहे.

तेव्हा आम्ही काही फार मोठे सांगत नाही. गाय डॉक्टरने वाचवली, हे खरे. व्रणोपचारकाने वाचवली, हेही खरे. पण शुक्रवारी सकाळी गोठ्यात डॉक्टर नव्हता, व्रणोपचारकही नव्हता. तिथे एक बाई होती. तिच्या हातात तापमापी होते आणि तिला चिठ्ठी वाचता येत होती.

आता तुमच्यासाठी काम देतो. तालुक्याचा दवाखाना किती वाजता उघडतो, ते विचारून वहीत लिहा. फिरत्या पशुदवाखान्याच्या गाडीसाठी १९६२ हा फोन नंबर आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने मोठा लिहा. मोठे ऑपरेशन असेल तर कुठे न्यावे लागते, तेही विचारून ठेवा. घरात आपली पाच बोटे सर्वांना शिकवा, लेकरांनासुद्धा. आणि दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली की तिथेच, त्या माणसासमोर, ती मोठ्याने वाचून दाखवा. अक्षर लागले नाही तर विचारा. डॉक्टरचे अक्षर आम्हांलाही लागत नाही, त्यात लाज कसली? वाचून झाल्यावर ती खिशात ठेवू नका. खांबाला टांगा.

पुढच्या पंधरवड्यात पोळा आहे. बैल सजवाल तेव्हा शिंगांना रंग लावण्याआधी जरा शिंगाच्या मुळाशी हात फिरवा. गरम लागते का, मऊ लागते का, बैल हात झटकून टाकतो का, ते पाहा. तसे काही वाटले, तर रंगाची डबी खाली ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला दवाखान्याला न्या. बैलाची ती खरी पूजा.

आमचे बोलणे लांबले. कंदील भडकू लागला आहे. आता वह्या काढा आणि फळ्यावरचा शब्द पाच वेळा लिहा : व्रणोपचारक.